खेळात आहे लेकरू, आत्ता हाक मारू नका

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात आणि माझ्या फाटकाशी आयांची ये-जा वाढते. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात घराच्या पुढच्या खोलीत आणि अंगणात मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा खेळवर्ग घेते. बहुतेकींचं गाऱ्हाणं एकच. "ताई, आमचा पोट्टा एका जागी बसतच नाही जी. पुस्तक समोर ठेवलं की उठून पळते. सकाळी कविता पाठ करून घेतली अन् संध्याकाळी पाहुण्यांसमोर विचारलं तं एक ओळ आठवत नाही." काळजी खरी असते. पुढे पहिलीत कसं होईल ही भीतीही खरी असते. मी आधी विचारते, तो रमतो कशात?

याचं उत्तर नाही असं घर मला अजून भेटलेलं नाही. कुणी नळाखाली या गिलासातून त्या गिलासात पाणी ओतत बसतं, कुणी दाराशी चपलांच्या जोड्या लावतं, कुणाला इस्त्रीवाल्याच्या गाडीसमोरून ओढून न्यावं लागतं. म्हणजे लक्ष आहे. आपण दाखवू तिथे ते नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. इतकी वर्षं मुलांमध्ये काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की एकाग्रता मुलात असतेच. तिला टिकायला कारण लागतं, आणि ती लागली की मोठ्यांनी ती मोडायची नाही. खेळातून कारण मिळतं. मोडायचं नाही, हे मात्र आपल्याला ठरवून करावं लागतं.

मागच्या पावसाळ्यात जास्वंदीच्या कुंडीपाशी एक चार वर्षांचा मुलगा उकिडवा बसला होता. मुंग्या मुरमुऱ्याचा दाणा ओढून नेत होत्या आणि तो दाणा फरशीच्या फटीत अडकला. मुंग्या बाजूला झाल्या, परत आल्या, दाणा आडवा केला, तरी निघेना. मुलानं दोन्ही हात गुडघ्यांभोवती घट्ट धरले होते. दाण्याला बोट लावायचं नाही हे त्याचं त्यानंच ठरवलेलं. ओठ हलत होते, "इकडून घ्या ना... इकडून." तेवढ्यात फाटकातून हाक आली, "काय करून राहिला रे तिथं? डबा खाल्ला का?" तो दचकला. मुंग्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि उठला.

त्या आईला बोल लावायला मी हे सांगत नाही. तिच्या मागे घड्याळ असतं, घरी सासूबाई वाट पाहत असतात, ऑटोवाला थांबलेला असतो. पण अशी हाक दिवसातून कितीदा जाते ते घरातल्या प्रत्येकानं एकदा मोजून पाहावं. खेळताना "हा कोणता रंग आहे सांग बरं?" हीसुद्धा हाकच असते. चांगल्या हेतूनं मारलेली, पण हाकच. मूल मनोरा रचत असतं, त्याच्या डोक्यात पुढचा ठोकळा असतो, आणि आपण त्याला रंगाच्या परीक्षेला बसवतो.

1907 साली मारिया मॉन्टेसरींनी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत 'बालगृह' नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. तिथल्या एका तीन वर्षांच्या मुलीची हकिकत त्यांनी लिहून ठेवली आहे. ती लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. सगळे बसवायचे, काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. मॉन्टेसरींनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावलं. मग ती बसली होती ती खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली. मुलीनं साहित्य मांडीवर सावरलं आणि काम पुढे चालू. चाळीसहून जास्त वेळा करून झाल्यावर ती आपणहून थांबली आणि थांबली तेव्हा दमलेली नव्हती, प्रसन्न होती. मला या गोष्टीतलं 'आपणहून थांबली' हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण मुलांना थांबण्याची पाळी येऊच देत नाही, त्याआधीच उठवतो.

आता कारणाबद्दल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. त्याच्या आधीचे काही दिवस माझ्या अंगणात 'नंदीचा राखणदार' चालतो. मधोमध नंदी, त्याच्या पायाशी मूठभर चिंचोके. एक मूल राखणदार. त्यानं जागा सोडायची नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. बाकीचे चोर. ते हळूच येणार, चिंचोका उचलायला पाहणार, वाकुल्या दाखवणार. चोराचा हात चिंचोक्याला लागला तरच राखणदारानं "पकडला!" म्हणून ओरडायचं. आधी ओरडला तर राखण गेली.

ज्या मुलाला "जरा नीट उभा राहा" म्हटलं की दहा आकडे मोजेपर्यंत धीर निघत नाही, तोच मुलगा इथे नाकावर माशी बसली तरी हलत नाही. सोव्हिएत रशियात मनुइलेंको नावाच्या संशोधक बाईंनी नेमकं हेच तपासलं होतं. त्यांचं काम 1948 मध्ये प्रसिद्ध झालं. बालवाडीच्या वयाच्या मुलांना नुसतं स्थिर उभं राहायला सांगितलं तर ती थोडा वेळ उभी राहिली. खेळातले पहारेकरी केल्यावर कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. हालचाल आवरायची ताकद मुलांत होतीच. ती वापरायला त्यांना पहाऱ्याचं काम हवं होतं.

आठवणीचंही तसंच आहे, आणि यासाठी माझा सगळ्यात लाडका खेळ भातुकलीचा. स्वयंपाकघर आतल्या खोलीत, दुकान अंगणात फाटकाजवळ. मधे ओसरी आणि दोन पायऱ्या. हे अंतर मुद्दाम ठेवायचं. आत गोळाभात शिजायचा असतो. स्वयंपाकीण सांगते, "तांदूळ, बेसन अन् तेल घेऊन ये." निरोप्या पळत सुटतो, दुकानापाशी पोचतो आणि तिथे त्याच्या लक्षात येतं की तेल आणि तांदूळ आठवतात, तिसरं काहीतरी होतं. तो तसाच परत येतो. इथे मी काही बोलत नाही. बोलते ती स्वयंपाकीण. "बेसन नाही तं गोळे कशाचे करू मी?" हा प्रश्न कोणत्याही शिक्षिकेच्या रागावण्यापेक्षा जास्त काम करतो, कारण आता गोळाभात खरोखर अडलेला असतो.

चष्मा लावणारी पाच वर्षांची एक मुलगी या खेळात होती. पहिल्यांदा ती वाटेतच विसरली. दुसऱ्या खेपेला तिनं निरोप ऐकताना डाव्या हाताची तीन बोटं उजव्या मुठीत धरली. तांदूळ म्हटल्यावर एक बोट, बेसनाला दुसरं, तेलाला तिसरं. तशीच मूठ धरून ती पायऱ्या उतरली. दुकानदारापुढे एकेक बोट सोडलं आणि एकेक जिन्नस मागितला. कुणी शिकवलं नव्हतं. मग ते पाहून आणखी दोघांनी बोटं धरली. एक मुलगा ओठांतल्या ओठांत "तांदूळ-बेसन-तेल, तांदूळ-बेसन-तेल" म्हणत गेला आणि मधे मांजर आडवं आलं तरी थांबला नाही. लक्षात ठेवायची युक्ती मुलानं स्वतः शोधली की ती त्याची होते. पुढे पाढे पाठ करतानाही ती वापरताना मी पाहिली आहे.

याच दुकानाच्या खेळावर इस्तोमिना या दुसऱ्या रशियन संशोधिकेनं 1948 मध्ये लिहिलं आहे. नुसती शब्दांची यादी ऐकवून विचारलं त्यापेक्षा दुकानातून वस्तू आणायच्या खेळात मुलांना जास्त शब्द आठवले, असं त्यांना दिसलं. तिथलीही मोठी मुलं ओठ हलवत निरोप घोकत होती. पुढे 1986 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात उलट निकाल आला, मुलांना खेळापेक्षा धड्यात जास्त शब्द आठवले. दोन्ही सांगायला हवेत. मी यातून असं घेते की नुसतं खेळाचं नाव देऊन भागत नाही. 'चला, आता आपण यादी-यादी खेळू' म्हटलं की मुलाला कळतं, ही परीक्षाच आहे. बेसनावाचून काहीतरी अडलं पाहिजे.

वस्तू किती सांगायच्या? तीन वर्षांच्या मुलाला दोन, चार-पाच वर्षांच्याला तीन, जमू लागलं की एक वाढवा. घाई नको. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये असं मांडलं की मोठ्या माणसाच्याही मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. आणि आपण सकाळी लेकराला एका दमात सांगतो, "दात घास, दूध पी, मोजे घाल, बॉटल घे अन् आजीला सांग की दूधवाला आला." मग तो मोजे हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभा दिसतो आणि आपण म्हणतो, याचं लक्ष नसते. त्याच्याकडे जागाच उरलेली नसते. दोन कामं सांगा, ती झाली की पुढची दोन.

बाकीच्या खेळांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते तुम्ही सगळ्यांनी खेळलेले आहेत. चिमणी भुर्र. सगळ्यांनी गोल बसायचं, बोट जमिनीवर. "चिमणी उडाली भुर्र, पोपट उडाला भुर्र, म्हैस उडाली..." आणि म्हशीला बोट उचललं तो बाद. माझ्याकडे बाद कुणी होत नाही, म्हशीसारखं हंबरून दाखवावं लागतं, कारण ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते तोच आधी बाद होऊन कोपऱ्यात बसतो. बोट उचलायला निघालेलं असताना ते दाबून धरणं, ही फार मोठी गोष्ट आहे. वर्गात उत्तर तोंडाशी आलेलं असताना आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, तेही याच मुशीतून येतं. विषामृत, स्टॅच्यू, संगीत खुर्ची यांतही तेच आवरणं आहे. पाच वर्षांच्या पुढे नियम उलटा करून पाहा. जे उडत नाही त्यालाच भुर्र. मुलं पार गोंधळतात, पोट धरधरून हसतात आणि पुन्हा खेळूया म्हणतात.

ताटातल्या वस्तूंचा खेळ हळदीकुंकवाला बायका खेळतात तोच. लहानांसाठी पाच-सहा वस्तू ठेवा, रुमाल झाका, एक काढून घ्या, काय गेलं ते विचारा. वस्तू ठेवताना प्रत्येक वस्तूची एक छोटी गोष्ट मुलांनाच जोडू द्या, किल्ली चमच्यावर झोपली, संत्रं वाटीत अंघोळीला गेलं. जोडलेलं निसटत नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी पारा पंचेचाळीसकडे गेला की मुलं घरात कोंडलेली असतात. तेव्हा पडदे ओढून, जमिनीवर पडून कानांचा खेळ. डोळे मिटायचे आणि जे जे ऐकू येईल ते मनात ठेवायचं. कूलरची घरघर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, कुल्फीवाल्याची घंटी, दूर कुठेतरी कोकीळ. मी टाळी वाजवली की एकेकानं सांगायचं. पहिल्या दिवशी मुलांना फक्त कूलर ऐकू येतो. आठवड्याभरात ती कूलरच्या आतल्या पाण्याचा ठिबकणारा आवाजही वेगळा काढतात.

मेट्रोचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. माझ्या नातीला सीताबर्डीहून लोकमान्यनगरच्या गाडीत बसायला फार आवडतं. स्टेशनांची नावं मी तिला कधी पाठ करायला लावली नाहीत. आम्ही फक्त प्रत्येक स्टेशनाला एक खूण शोधतो. झाँसी राणी चौक, मग इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, ज्याचं नाव इतकं लांब की तिच्या मते दार बंद होईपर्यंत संपतच नाही. शंकरनगर चौक, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज. सुभाषनगरच्या आसपास अंबाझरीचं पाणी दिसतं, तिथे तिला बोलायला वेळ नसतो. रचना रिंग रोड, वासुदेवनगर, बन्सीनगर, लोकमान्यनगर. काही फेऱ्यांनंतर ती घरी उशांची गाडी करून आजोबांना स्टेशनं सांगू लागली, आणि परतीच्या गाडीत उलट्या क्रमानं. उलट क्रम लावायचा म्हणजे नुसतं घोकलेलं चालत नाही, डोक्यात रस्ता उभा राहावा लागतो. आजोबांनी मुद्दाम शंकरनगर वगळलं तर तिनं गाडी थांबवली. जागेला आणि डोळ्यांना बांधलेली आठवण अशी पक्की बसते. मेट्रो नसेल तर घरापासून भाजीबाजारापर्यंतचा रस्ता आहेच. येताना तिला विचारा, आता कुठे वळायचं, आणि ती चुकीच्या गल्लीत नेऊ लागली तर चार पावलं तिच्यासोबत जा.

साहित्यावर पैसे खर्च करू नका, हे मी प्रत्येक आईला सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालवाड्या चालवल्या त्या बिया, शंख-शिंपले, पानं, खडे घेऊन. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, पण त्यांनी मुलांच्या हाती दिलं ते आसपास पडलेलं सामान. आपल्याकडे चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा आहेत. शेंग सोलणं हे बोटांचं आणि डोळ्यांचं बारीक काम. दाणे या वाटीत, किडके त्या वाटीत, टरफलं सुपात. आजी शेजारी बसून सोलत असली तर मूल तिच्या बरोबरीनं बराच वेळ बसतं, आणि रात्री त्याच दाण्यांची भाजी ताटात येते. तीन वर्षांच्या आतल्या मुलांपाशी मात्र चिंचोके, बिया ठेवू नका, नाकातोंडात जातात. आणि मोठ्या मुलांच्या खेळातही कुणीतरी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती सध्या प्रत्येक चौकात दिसतात. मोबाइलवरचे मेंदूचे खेळही आहेत. मेल्बी-लेर्वाग आणि ह्यूम या दोघांनी 2013 मध्ये अशा स्मरणसरावांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. सराव केलेल्या कामात मुलं सुधारतात, पण तो फायदा वाचन-गणितापर्यंत पोचतो असं त्यांना दिसलं नाही. हे माझ्या खेळांनाही लागू आहे. चिमणी भुर्र खेळून कुणी गणितात पहिलं येईल असं वचन मी देत नाही. माझा भर म्हणून एकाच खेळावर नसतो. मुलाचा दिवस अशा प्रसंगांनी भरलेला असावा, जिथे त्याला ऐकावं लागतं, थांबावं लागतं, आठवावं लागतं, आणि तसं करण्यात त्याला स्वतःला गंमत असते.

त्यासाठी दिवसात जागा हवी, आणि ती जागा बहुतेक घरांत मोबाइलनं घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर बरं. तीन-चार वर्षांच्या मुलाची झोप 10 ते 13 तास. झोप अपुरी असली तर माझा कोणताही खेळ चालत नाही. रात्री अकरापर्यंत लग्नाच्या वरातीत नाचलेलं मूल सकाळी माझ्याकडे आलं तर मी त्याला चटईवर आडवं होऊ देते. त्या दिवशी त्याचा तोच कार्यक्रम.

आणि सगळं करूनही काही मुलं खरोखरच टिकत नाहीत. तेव्हा आधी कान आणि डोळे तपासून घ्या. सर्दी-पडशानंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं लहान मुलांत सर्रास होतं. दुखत नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. मूल हाकेला ओ देत नाही आणि आपण त्याला लक्ष नसणारं ठरवतो. माझ्याकडच्या एका मुलाला चिमणी आणि म्हैस यांत फरकच कळत नव्हता, तो शेजारच्याचं बोट पाहून आपलं बोट उचलायचा. मी पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन पाहिलं, तो वळला नाही. आईला कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि तिथे हेच पाणी निघालं. कान-डोळे ठीक असूनही घरी, शाळेत, खेळात, सगळीकडे तीच अस्वस्थता महिनोन् महिने राहिली, तर बालविकास पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, घाबरून नव्हे, वेळेत मदत मिळावी म्हणून. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या की तो कशात, किती वेळ आणि कोणासोबत रमतो. काय जमत नाही ते तर तुम्ही तोंडपाठ सांगालच, पण हा कागद त्यांना जास्त उपयोगी पडतो.